सून गोळ्या खाते, पोटात बाळ आहे

(तासगाव तालुक्यातून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातलं म्हणणं थोडक्यात देते.)

ताईंचं वय ५४. घरी नवरा, मुलगा, सून आणि लग्नाची मुलगी. दीड एकर द्राक्षबाग. सून २४ वर्षांची. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला, आता पुन्हा दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वी ती मजूर बायकांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेत डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या कामाला, जायची. तेव्हा खांदा आणि पाठ धरली म्हणून टोळीतल्या बाईनं एक गोळी दिली. गेल्या महिन्यात तांदळाच्या डब्यात तळाशी रिकाम्या पाकिटांचं पुडकं सापडलं. विचारल्यावर सुनेनं रडत कबूल केलं: रोज आठ-दहा गोळ्या, ट्रामाडॉलच्या. मुलानं रागाच्या भरात "दोन ठेवून दिल्या". मग दोन दिवस गोळ्या बंद केल्या, तर ती थरथरायला लागली, उलट्या झाल्या, पोटात कळा आल्या. घाबरून मुलानंच मेडिकलमधून पाकीट आणून दिलं. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलंय, पण गोळ्यांचं तिथं कुणालाच सांगितलेलं नाही. ताई लिहितात, "आमच्या घरात कुणाला कसलं व्यसन नाही. मी सकाळी मिसरी लावते तेवढीच. आता मळमळतं म्हणून सूनही लावते." मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. पाडून टाकावं, माहेरी धाडावं, की खोलीत कोंडून एकदाचं सोडवावं, असं त्या विचारतात. "बाळ वेडंवाकडं निपजलं तर? पोलीस दारात आले तर? काय करावं सुधरंना झालंय."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सुनेवर चिडलाय, मुलावर चिडलाय, मेडिकलवाल्याला तर पान भरून बोललाय. पण शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात लिहिलंय, "रात्री दोनदा उठून तिचा श्वास बघते." हे उत्तर मी त्या उठणाऱ्या बाईला लिहिते आहे.

सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका. कोंडून तर अजिबात नको.

ट्रामाडॉल ही साधी अंगदुखीची गोळी नव्हे, ती अफूच्या कुळातली आहे. रोज घेतली की महिन्या-दोन महिन्यांत शरीर तिच्यावर बेतून चालायला लागतं. मग ती मिळाली नाही की जांभयांवर जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, घाम, मुरडा, जुलाब, डोळ्याला डोळा न लागणं. तुम्ही त्या दोन दिवसांत पाहिलंत ते हेच. "नाटक करते असं वाटलं," असं तुम्ही लिहिलंय. नाटक नव्हतं ते. एरवीच्या माणसाचा यात जीव सहसा जात नाही, नुसते हाल होतात. पोटात बाळ असताना मात्र या उलथापालथीत पिशवी आकुंचन पावायला लागते, वेळेआधी कळा येतात आणि बाळाचीही ओढाताण होते. त्या कळा थांबल्या, हे नशीब समजा आणि पुन्हा तो प्रयोग करू नका. उलट बाजूनंही धोका आहेच. या गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या तर फिट येते, श्वास मंद होतो. म्हणून डॉक्टरला दाखवेपर्यंत आहे तेवढंच चालू द्या. वाढवायचं नाही, मनानं निम्मं करायचं नाही, झोपेची गोळी किंवा आणखी काही त्यात मिसळायचं नाही. आणि हे "दाखवेपर्यंत" म्हणजे दोन-तीन दिवस, पुढची तारीख येईपर्यंत नव्हे. मधेच फिट आली, ओठ निळसर दिसले, हाक मारून उठेना, अंगावरून रक्त गेलं किंवा पोटात कळा सुरू झाल्या, तर कुणाला विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.

कोंडण्याबद्दल मी इतकं ठासून का सांगते, त्याला कारण आहे. मिरजेत समुपदेशनाचं काम करत होते तेव्हा एका मुलीला आठव्या महिन्यात तिच्या घरच्यांनी असंच माळ्यावरच्या खोलीत ठेवलं होतं. वाईट माणसं नव्हती. दारापाशी ताट सरकवायची, बाहेर बसून स्तोत्र म्हणायची. तिसऱ्या रात्री तिला कळा आल्या, आणि दार उघडेपर्यंत पहाट झाली. बाळ वाचलं, पण दीड किलोचं. पुढं त्या घरातली आजी मला म्हणाली, "आम्ही तिचं व्यसन कोंडलं म्हणत होतो, कोंडलं नातवाला." तिचे हे शब्द मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

मग करायचं काय? यावर उपचार आहे आणि तो गरोदरपणातही होतो. मात्र तो मानसोपचारतज्ज्ञ आणि बाळंतपणाचे डॉक्टर यांनी मिळून करायचा. काही जणींना गोळ्यांची मात्रा आठवड्या-आठवड्यानं हळूहळू खाली आणतात. काहींना ब्युप्रेनॉर्फिन नावाचं, अफूच्याच कुळातलं औषध ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली चालू करतात आणि बाळंतपण होऊन घडी बसेपर्यंत चालू ठेवतात. हे ऐकलं की घरची माणसं हमखास म्हणतात, "म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी नशा?" मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण फरक मोठा आहे. गोळ्यांमुळे तुमच्या सुनेच्या अंगात दिवसातून चार वेळा चढ-उतार होतो आणि प्रत्येक उतारात बाळही उतरतं. औषध दिवसभर एका पातळीवर राहतं, बाळाला हिसके बसत नाहीत, आणि तिचं डोकं पुढची गोळी कुठून आणायची यातून मोकळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये गरोदर बायकांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांतही अफूवर्गीय औषधांची सवय लागलेल्या बाईला घाईनं सगळं सोडायला लावण्यापेक्षा असे उपचार चालू ठेवावेत, असंच सांगितलंय. तुमच्या सुनेला यातलं काय लागू पडेल ते तपासूनच ठरेल. मी ठरवू शकत नाही, तुम्ही नाही आणि मेडिकलवाला तर नाहीच नाही.

आता बाळाचं. "वेडंवाकडं निपजेल" ही भीती तुम्हाला सगळ्यात जास्त खाते आहे, हे कळतं. या वर्गातल्या औषधांनी सरसकट व्यंग होतं असं नाही. काही अभ्यासांत धोका किंचित वाढलेला दिसतो, म्हणून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका. ती याच सुमाराला करायची असते. खरी शक्यता वेगळी आहे. बाळाचं वजन कमी भरू शकतं, दिवस भरण्याआधी ते येऊ शकतं, आणि जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यालाही गोळीची ओढ जाणवू शकते. सहसा एक ते तीन दिवसांत हे दिसायला लागतं. बाळ नुसतं किरकिरत नाही, चिरकं रडतं, हातपाय थरथरतात, शिंका येतात, अंगावर ओढायला धडपडतं पण नीट ओढत नाही, शी पातळ होते. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण यावर उपचार आहेत आणि बहुतेक बाळं यातून बाहेर येतात.

यातला पहिला उपचार तर आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातला आहे. खोलीत अंधार, आवाज नाही, बाळ उघड्या अंगाला लावून धरायचं, मागेल तेव्हा पाजायचं. मघाशी जिची गोष्ट सांगितली, त्या आजीनंच पुढं हे केलं. आई औषधांच्या ग्लानीत होती, तेव्हा ही बाई वॉर्डाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली, चोळीच्या गाठी सोडून बाळ छातीशी घेतलं आणि वरून पदर ओढला. तीन तास हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तर पाय बदलायचा, पण बाळ नाही हलवायचं. बाळाच्या मुठी आवळलेल्या होत्या, त्या हळूहळू सैल झालेल्या मी पाहिल्या. त्यानंतर तिथल्या नर्सबाईच इतर आज्यांना तिच्याकडं पाठवायला लागल्या. आईची तब्येत स्थिर असेल, ती उपचार नीट घेत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती स्वतः पाजू शकते. पाजण्यानं बाळाची ही गोळीची ओढ कमी होते, हेही दिसून आलंय.

अमेरिकेतली एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात तिकडं कोकेनचं व्यसन पसरलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी हाकाटी केली की या बायांची मुलं म्हणजे वाया गेलेली पिढी, यांची डोकी कधीच चालणार नाहीत. फिलाडेल्फियातल्या डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून अशी बाळं आणि त्याच वस्तीतली, पण आईला व्यसन नसलेली बाळं अशी दोन्ही मिळून २२४ मुलं दोन दशकांहून जास्त काळ पाहिली. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दोन्हीकडची मुलं मागं होती, पण ती गरिबीनं आणि आजूबाजूच्या मारहाणीनं. ज्या मुलांशी घरात कुणी बोलत होतं, मायेनं वागत होतं, ती पुढं गेली. कोकेन वेगळं आणि ट्रामाडॉल वेगळं, हे मला ठाऊक आहे. गोळी निरुपद्रवी आहे असंही मी म्हणत नाही. पण नातवाचं कपाळ आत्ताच लिहून मोकळ्या होऊ नका, एवढं मात्र नक्की म्हणते.

आता जरा अवघड बोलते. रागावू नका.

"आमच्या घरात कुणाला कसलं व्यसन नाही," आणि पुढच्याच ओळीत मिसरी. ताई, मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच. माझी आत्या भाजायची तेव्हा सगळं घर ठसकायचं आणि आम्ही पोरं ओसरीवर पळायचो. सकाळी ती डबी सापडली नाही की आत्याला संडासला व्हायचं नाही, डोकं चढायचं, चुलीपुढं कुणावर तरी ओरडा व्हायचा. त्याला आम्ही व्यसन म्हटलं नाही, "सवय" म्हटलं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी होतं. गरोदरपणी तंबाखू लावणाऱ्या किंवा खाणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं होतं, वेळेआधी येतं, पोटातच जाण्याचा धोकाही वाढतो. मळमळीला म्हणून तुमच्या घरातून सुनेच्या बोटावर जी मिसरी आली, ती गोळीइतकीच या गोष्टीत आहे. आणि तुमच्या मुलाच्या खिशात मावा असतो, असं तुम्हीच तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलाय.

हे मी तुम्हाला खाली बघायला लावायला सांगत नाही. उलट यात तुमच्या हाती एक साधन आहे. गोळी एकदम सोडता येत नाही, पण मिसरी आज सोडली तरी बाळाला अपाय नाही. चार-आठ दिवस चिडचिड होईल, भूक बदलेल, बस. दोघींनी एकाच सकाळी डबी बंद करा. तिनं रात्री घाम पुसत बसावं आणि तुम्ही सकाळी मिसरीविना जीव काढावा, तेव्हा तुम्हाला कळेल ती काय सोसते आणि तिला कळेल की ती एकटी नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, त्याला पैसे पडत नाहीत. मळमळीसाठी डॉक्टर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या देतात, त्या मागून घ्या.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे त्या "दोन ठेवून दिल्या". तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंय, मी नाही उरकणार. पोटुशा बाईवर हात उचलणं हा बाळावरचाही घाव आहे, आणि मारानं कुणाचीही गोळी सुटलेली मी पाहिली नाही. मार खाल्लेली बाई गोळी जास्त खोल लपवते, इतकंच होतं. तांदळाचा डबा जाऊन आणखी कुठली तरी जागा येते. मुलाला तुम्ही बोलायचं, बाहेरच्यानं नाही. "पुन्हा हात उचललास तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन," हे त्याच्या तोंडावर एकदा सांगून टाका. तो वाईट आहे असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. कळा बघून घाबरून पाकीट आणायला धावलाही तोच. पण तरीही थांबलं नाही तर १८१ ही महिलांसाठीची मदतीची सेवा आहे आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. सुनेला हा नंबर माहीत असू द्या, तुम्हीच द्या.

पोलिसांची भीती मला समजते. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला, मग जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन या अमली पदार्थाचे कारखाने पकडले गेले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात नशा हा शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांपुढं बेड्या येतात. पण विष बनवून विकणारा आणि खांदा दुखतो म्हणून गोळीत अडकलेली सून, यांना एका तराजूत घालू नका. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, हे खरं. त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मात्रेचं किंवा सेवनाचं प्रकरण असेल आणि व्यसन लागलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे दवाखान्याची वाट तुम्हाला पोलिसांकडं नेत नाही, त्यांच्यापासून वाचवते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळं तिची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांना बंधनकारक आहे. पुढं कधी तिला भरती करावं लागलं, तर तीन वर्षांखालचं मूल एरवी आईपासून तोडायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

शिक्षेनं काय होतं तेही पाहून झालंय. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं २०१४ मध्ये गरोदरपणी अमली पदार्थ घेणाऱ्या आईवर गुन्हा दाखल करायचा कायदा केला. बायका दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या. कुणी दुसऱ्या राज्यात जाऊन बाळंत झाली, कुणी दुखणं अंगावर काढलं. २०१६ मध्ये तो कायदा संपला, पुन्हा आणला नाही. आपल्याकडं असा कायदा नाही, पण भावकी आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट फुटेल या धाकानं तुम्ही महिनाभर दवाखान्यात गप्प बसलात, म्हणजे तोच कायदा तुमच्या उंबऱ्यावर चालू आहे. मी असं म्हणत नाही की गावभर सांगा. गावाला सांगायची काडीची गरज नाही. सोयऱ्यांनाही नाही. पण डॉक्टरांना, नर्सबाईंना आणि बाळाच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

याचं एक नेमकं कारण देते. जन्मल्यावर बाळाचा श्वास मंद असेल, तर कधी अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन देण्याचा विचार होतो. ज्या बाळाची आई रोज या गोळ्या घेत होती, त्याला त्यानं झटके येऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते ते टाळतात आणि दुसऱ्या रीतीनं श्वास देतात. बाळंतपणात तिला दुखणं थांबवायला काय आणि किती द्यायचं, बाळाला किती दिवस नजरेखाली ठेवायचं, हेही यावरच ठरतं. घाईनं दुसऱ्या दिवशी घरी नेलं आणि तिसऱ्या रात्री बाळ चिरकायला लागलं, तर तुम्ही दृष्ट काढत बसाल.

पाडण्याबद्दल विचारलंय. केवळ गोळ्या खाल्ल्या म्हणून गर्भ पाडायला हवा असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आणि कायद्यानं हा निर्णय सज्ञान बाईचा आहे. तिच्या संमतीशिवाय होत नाही आणि तिची संमती असली की सासू किंवा नवरा यांच्या सहीची गरज नाही. तुमच्या चार पानांत तिला काय हवंय हे कुठंच आलेलं नाही. एकदा गर्भ गेलेली बाई आहे ती. तिला विचारलंत का?

माहेरी पाठवण्याला माझी ना नाही, पण कशासाठी पाठवता त्यावर आहे. तिला आईजवळ बरं वाटत असेल, तिकडून दवाखाना जवळ असेल, आणि गोळ्यांचं तिच्या आईला खरं सांगून पाठवणार असाल तर जरूर. डोहाळजेवण उरकून "आमच्या घरातलं नव्हे, तुमच्याकडूनच आलंय" अशा हिशेबानं पाठवणार असाल तर नको. उपचार मधेच तुटतील आणि गोळी मात्र तिच्याबरोबर जाईल.

तर सोमवारी सकाळी दोघी निघा. मुलगा आला तर उत्तम, पण त्याच्यावाचून अडू नका. आधी आशाताईला बाजूला घेऊन सांगायचं असेल तर सांगा, अनेकदा ती वाट सोपी करते. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. केस पेपर काढताना गरोदर आहे हे सांगा, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना म्हणा, "मानसोपचारवाल्यांनाही आत्ताच बोलवा." गोळ्यांची पाकिटं टाकून देऊ नका, रिकामी आणि भरलेली सगळी पिशवीत घ्या. सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती हे तिच्याच हातानं कागदावर लिहून घ्या. आकडा कमी सांगायचा मोह होतो, माणूस लाजतो. कमी सांगितलं तर औषधाची मात्रा चुकते आणि ती चार दिवसांत पुन्हा मेडिकलकडं वळते. आत गेल्यावर पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा आणि तिला एकटीला बोलू द्या. हे तुम्हाला जड जाईल. तरी थांबा.

खर्चाचा घोर नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, पण तुम्ही त्या तारखेसाठी थांबू नका. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दोन सरकारी फोन आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी "निशिगंध" नावाचा वेगळा विभाग आहे. बाळंतपणानंतर राहून उपचार घ्यायची वेळ आली तर तिथं चौकशी करा. आणि तशी वेळ येऊ शकते. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने गोळीकडं परत वळण्याचा धोका मोठा असतो. झोप नाही, अंग मोडलेलं, मन हळवं, आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की आता बाळ झालं, सुटली. सव्वा महिन्यानं उपचार थांबवू नका. मधे एखादी गोळी पुन्हा खाल्ली गेली तर तो सगळ्याचा शेवट नाही, लगेच दवाखान्यात सांगायचं.

मेडिकलवाल्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नाही, विकली की नोंद ठेवायची, असा नियम आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं करता येते, आणि करा. पण उपचार सुरू झाल्यावर. आधी त्याचं दुकान बंद पाडलंत आणि इकडं औषध चालू नसेल, तर पुन्हा तेच दोन दिवस येतील.

हे पत्र वाचणाऱ्या बागायतदारांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण ही गोष्ट एका घरापुरती नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग आणि विरळणीची घाई सुरू होते, तेव्हा मांडवाखाली टोळ्या दिवसभर राबतात. हात खांद्याच्या वर, मान मागं, घड एकेक करून औषधाच्या भांड्यात बुडवायचा. संध्याकाळी त्या बायकांना डोक्यावर पदर घ्यायला हात वर जात नाही. टोळीचं काम अंगावर घेतलेलं असतं, थांबलं की पैसे कापले जातात. मग कुणीतरी पदराच्या गाठीतून गोळी काढते आणि मायेनंच पुढं करते. तुमच्या सुनेला देणारी बाईही वैरीण नव्हती. तिचं काय चाललं असेल आज? टोळीला दुपारची अर्धा तास पाठ टेकायला जागा, कामाची पाळी बदलून देणं, दुखतंय म्हणणाऱ्या बाईला त्या दिवशी खालचं काम देणं, एवढं तर बागेच्या मालकाला जमतं. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचं झाल्यावर दहा मिनिटं या गोळ्यांवर बोला. नाव कुणाचंही घ्यायचं नाही. पाकीट दाखवायचं, ही अफूच्या कुळातली आहे एवढं सांगायचं, आणि घेत असाल तर एकदम सोडू नका, दवाखान्यात या, असं म्हणायचं. मी अशी एक बैठक पाहिली आहे. बैठक संपल्यावर चपला घालता घालता दोघीजणी मागं रेंगाळल्या होत्या.

ताई, एक शेवटचं विचारते. दोन वर्षांपूर्वी तिचा खांदा धरला होता. पुढं गोळीचं इतकं झालं, पण तो खांदा कुणी तपासला का? तुमच्या पत्रात तरी तसं कुठं दिसलं नाही. सोमवारी डॉक्टरांना तोही दाखवा. दुखणं तसंच राहिलं तर गोळी सुटायला फार जड जाईल. शेक, व्यायाम, गरोदरपणात चालेल असं साधं औषध, काहीतरी मार्ग निघेल. आणि आज रात्री श्वास बघायला उठाल तेव्हा ती जागी असली तर परत वळू नका. तेल कोमट करून घेऊन जा, तिच्या खांद्याला लावा आणि कुठं दुखतं ते विचारा.

दवाखान्यात काय झालं ते कळवा. खांद्याचंही लिहा.